काजव्याचा उजेड आणि आपला रस
प्रकाशद्रव्य निवडताना काय पाहावे?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गेल्या गळीत हंगामात दोन गटांतील सभासदांना शेतकी विभागाकडून पत्रे गेली होती. "आपल्या गटातून शिळा ऊस येत असून रसाची प्रत खालावत आहे. तरी तोडीनंतर ऊस वेळेत गव्हाणीवर पोहोचेल याची दक्षता घ्यावी," असा त्यांतील मजकूर होता. पत्रांवर सही आमचीच होती. पुढे चौकशीअंती असे आढळून आले की, त्या चार दिवसांत सभासदांच्या उसात काही दोष नव्हता. दोष आपल्याच प्रयोगशाळेतील एका लहानशा बाटलीत होता. पत्रे मागे घेण्यात आली, आणि दोन्ही गट कार्यालयांत जाऊन आम्ही सभासदांची समक्ष माफीही मागितली.

तरीपण वार्षिक सभेत एक ज्येष्ठ सभासद उभे राहिलेच. "साहेब, काजव्याच्या पावडरीनं आमच्यावर आळ आणला. ही पावडर काय भानगड आहे ते एकदा पत्रिकेत छापा," असे ते म्हणाले. सूचना रास्त होती. आम्ही शेतकी पदविकेचे, रसायनशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. म्हणून चीफ केमिस्ट साहेबांजवळ चार दिवस बसून जे समजून घेतले, ते आपल्या भाषेत येथे मांडत आहोत.

साखर दोन ठिकाणी गळते

ऊस तोडला की त्यातील साखर कमी व्हायला लागते, हे कुणाला सांगायला नको. उसातच इन्व्हर्टेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. ते साखरेचे तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार करते, आणि त्यांची पांढरी साखर बनत नाही. त्यात कापलेल्या टोकांतून जंतू शिरतात. यांपैकी ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. डेक्स्ट्रानमुळे रस गाळायला जड जातो आणि साखरेचा दाणा धरण्यात अडथळा येतो.

हे झाले उसातले नुकसान. पण हेच जंतू मिल हाऊसमध्येही वाढतात. रसाच्या पन्हाळ्या, चाळण्या, मिलखालचे कोपरे, जिथे बगॅसचा चुरा आणि रस साचून राहतो, तिथे हात घातला तर बुळबुळीत थर लागतो. तो थर म्हणजे जंतूंची वस्तीच होय. ताजा ऊस आणला तरी त्याचा रस या पन्हाळीतून जाताना साखर गमावतो.

पहिल्या नुकसानीला तोड आणि वाहतूक जबाबदार, तर दुसऱ्याला कारखाना जबाबदार. दोन्हींचा परिणाम मात्र उताऱ्यावर होतो, आणि उसाची एफआरपी उताऱ्यावर ठरते. तेव्हा नुकसान नेमके कुठे होते आहे हे कळणे सभासदांच्या खिशाशी निगडित आहे. जंतू वाढवून मोजायचे म्हटले तर उत्तर यायला एक-दोन दिवस जातात. तोवर हजारो टन ऊस गाळून झालेला असतो. म्हणून काही मिनिटांत उत्तर देणारी प्रकाशाची चाचणी आपल्या प्रयोगशाळेत सुरू करण्यात आली.

काजवा कसा उजळतो

मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याकडे किंवा पुरुषवाडीला गेलेल्या मंडळींनी झाडेच्या झाडे लुकलुकताना पाहिली असतील. हा उजेड थंड असतो. काजवा हातावर घेतला तरी चटका बसत नाही.

या उजेडाचे मर्म फ्रान्समधील राफाएल द्युबुआ या शास्त्रज्ञांनी १८८५ ते १८८७ च्या सुमारास उलगडले. प्रकाश देणाऱ्या प्राण्याचा एक अर्क त्यांनी थंड पाण्यात काढला आणि उजेड विझेपर्यंत ठेवला. दुसरा अर्क गरम पाण्यात काढला, तोही अंधाराच होता. दोन्ही थंड झाल्यावर एकत्र केले तर पुन्हा उजेड पडला. याचा अर्थ असा की, उजेडाला दोन गोष्टी लागतात. एक, उष्णतेने नासणारे विकर, त्याला नाव मिळाले ल्युसिफेरेज. दुसरे, ज्यावर हे विकर काम करते आणि जे त्यात खर्ची पडते ते द्रव्य, त्याला नाव मिळाले ल्युसिफेरिन. चुलीच्या भाषेत सांगायचं तर ल्युसिफेरेज ही चूल आणि ल्युसिफेरिन हे सरपण. चूल तीच राहते, सरपण जळून जातं. या सरपणाला आपण या लेखापुरते 'प्रकाशद्रव्य' म्हणू.

पुढे १९४७ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी दाखवून दिले की, काजव्याच्या उजेडाला आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे एटीपी. यासाठी त्यांना काजवे इतके लागत की, गावातल्या पोरांना ते शंभर काजव्यांमागे २५ सेंट देत असत. एटीपी हे प्रत्येक जिवंत पेशीतले शक्तीचे चलन होय. माणूस, ऊस, जंतू, सगळ्यांत ते असते. पेशी मेली की ते लवकरच नाहीसे होते.

आता आपल्या चाचणीचे तत्त्व ध्यानात येईल. विकर, प्रकाशद्रव्य आणि मॅग्नेशियम नळीत आधीच असतात. प्राणवायू हवेतून मिळतो. कमी असते ते फक्त एटीपी. पन्हाळीवर फिरवलेला बोळा त्या नळीत बुडवला की, बोळ्यावर जितके एटीपी तितका उजेड पडतो. तो डोळ्याला दिसत नाही, यंत्र मोजते. दूध आणि शीतपेयांच्या धंद्यात यंत्रसामग्री धुतल्यावर ती स्वच्छ झाली का हे याच रीतीने पाहतात.

सगळी प्रकाशद्रव्ये सारखी नाहीत

कुणी म्हणेल, उजेड पडला म्हणजे झालं, पावडर कोणतीही घ्या. तसं नाही. बेणे घेताना आपण जात, जमीन आणि हंगाम पाहतो. प्रकाशद्रव्याचेही तसेच आहे. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिले, काजव्याचे डी-ल्युसिफेरिन. हे काजव्याच्या विकराबरोबरच चालते आणि त्याला एटीपी लागते. उजेड पिवळसर हिरवा असतो. ज्याला एटीपी मोजायचे आहे, त्याला हेच घ्यावे लागते.

दुसरे, सीलेंटेराझिन. हे समुद्रातील अनेक जीवांत सापडते. रेनिला नावाच्या सागरी जीवाच्या विकराबरोबर ते निळा उजेड देते. त्याला एटीपी लागत नाही. म्हणजे जंतू किती आहेत हे त्याला विचारून उपयोग नाही. बोळ्यावर जंतू असोत वा नसोत, ते आपले उजळतच राहणार. शिवाय ते हवेतील प्राणवायूने आपोआपही थोडे जळते, त्यामुळे विकर नसतानाही अंधुक उजेड दाखवते. पाण्यात ते नीट विरघळत नाही, मिथेनॉलसारख्या द्रवात विरघळवावे लागते.

तिसरे, फ्युरिमॅझिन. हे सीलेंटेराझिनवरूनच बेतलेले आहे. खोल समुद्रातील एका कोळंबीच्या विकरात सुधारणा करून 'नॅनोल्युक' नावाचे लहान पण फार प्रखर विकर बनवण्यात आले. ते २०१२ साली जाहीर झाले, आणि फ्युरिमॅझिन हे त्याचे सरपण. यालाही एटीपी लागत नाही. फार थोडे विकर शोधायचे असेल तेथे हे उपयोगी.

मग ही दुसरी-तिसरी द्रव्ये कोण वापरतो? संशोधक वापरतात. पेशीतील एखादे जनुक कधी चालू होते हे पाहायचे असेल, तर त्या जनुकाच्या कळीला प्रकाश देणाऱ्या विकराचे जनुक जोडतात. कळ दाबली गेली की उजेड पडतो. १९८६ साली अमेरिकेत तंबाखूच्या रोपात काजव्याचे जनुक घालून, त्याला ल्युसिफेरिनचे पाणी पाजून, अंधारात रोप उजळताना त्याचे छायाचित्र घेतले होते. पुढे उसाच्या संशोधनातही या जनुकाचा उपयोग झाला. एकाच पेशीत दोन गोष्टी मोजायच्या असतील, तर काजव्याचे आणि रेनिलाचे अशी दोन विकरे ठेवतात. आधी एकाचे सरपण घालून मोजतात, मग तो उजेड विझवून दुसऱ्याचे घालतात. एकाचे सरपण दुसऱ्याच्या चुलीत पेटत नाही, म्हणूनच हे जमते.

उंदरासारख्या प्राण्याच्या अंगात खोलवरचा उजेड पाहायचा असेल तर रंगाचाही विचार करावा लागतो. निळा उजेड रक्त-मांस शोषून घेते, तांबडा त्यामानाने बाहेर पडतो. टॉर्च तळव्यामागे धरली तर तळवा तांबडाच दिसतो, त्याचेही कारण हेच. म्हणून तेथे तांबडा उजेड देणारी प्रकाशद्रव्ये बनवण्यात आली आहेत.

सारांश, आधी प्रश्न, मग विकर, आणि मग त्याचे सरपण, असा क्रम आहे. आपला प्रश्न जंतूंचा, तो एटीपीवरून सुटणारा, म्हणून आपले सरपण डी-ल्युसिफेरिन. इथपर्यंत आपल्या प्रयोगशाळेचे काही चुकले नव्हते. चुकले ते पुढच्या पायरीवर.

नाव एक, रूपे तीन

डी-ल्युसिफेरिन तीन रूपांत विकले जाते : नुसते आम्लरूप, सोडियम क्षार आणि पोटॅशियम क्षार. दोन्ही क्षार पाण्यात सहज विरघळतात. आम्लरूप पाण्यात विरघळायला फार नाखूश असते. त्याला बेताचा अल्कली देऊन विरघळवावे लागते.

शेतकऱ्याला हे उदाहरणाने लगेच पटेल. स्फुरद सुपर फॉस्फेटमध्येही आहे आणि रॉक फॉस्फेटमध्येही आहे. पण रॉक फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही. आम्लधर्मी जमिनीत ते हळूहळू लागू पडते, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते तसेच पडून राहते. पोत्याचा भाव पाहून रॉक फॉस्फेट आणले आणि पिकाला स्फुरद मिळाले नाही, तर स्वस्ताई कसली?

दुसरी बाब डी आणि एल या अक्षरांची. एकाच द्रव्याची ही दोन रूपे असून ती डाव्या-उजव्या चपलेसारखी असतात. वजन सारखे, घटक सारखे, पण उजव्या पायात डावी चप्पल बसत नाही. काजव्याच्या विकराला डी रूपच चालते. एल रूप जवळजवळ उजेड देत नाही, उलट विकराची जागा अडवून बसते. आणि मुख्य म्हणजे जास्त अल्कली व उष्णता मिळाली तर डी रूपाचे एल रूप होऊ लागते.

आपल्याकडे काय घडले

आता ते चार दिवस. सोडियम क्षाराची बाटली संपली होती. नवी मागवताना दरपत्रकात आम्लरूपाचा भाव कमी दिसला. नाव तेच, शुद्धता तीच, म्हणून खरेदीत ते मंजूर झाले. त्या कागदावर "काटकसर" असा शेराही होता. बाटली आली. पावडर पाण्यात विरघळेना. रात्रपाळीच्या मदतनिसाने, काम अडू नये या चांगल्या हेतूने, त्यात कॉस्टिकचे द्रावण सढळ हाताने घातले आणि नळी गरम पाण्यात धरली. पावडर छान विरघळली. द्रावण स्वच्छ दिसले. पण त्यातले बरेचसे प्रकाशद्रव्य डाव्या पायाची चप्पल होऊन बसले होते, आणि राहिलेल्या कॉस्टिकने विकरही दुखावले होते.

मिलच्या पन्हाळ्यांवरचे बोळे त्या दिवसापासून अंधुक उजेड देऊ लागले. आकडे कमी, म्हणजे जंतू कमी, म्हणजे मिल स्वच्छ, असा अर्थ लावला गेला. त्यामुळे वाफ मारून धुण्याची एक फेरी लांबवण्यात आली. इकडे मिश्र रसाची शुद्धता उतरत होती. मिल जर स्वच्छ आहे तर दोष उसातच असणार, असे अनुमान निघाले आणि आम्ही पत्रांवर सही केली. तोडीची तारीख आणि काट्याची वेळ आमच्याच चिटबॉयच्या नोंदवहीत होती. ती उघडून पाहिली असती, तर त्या गटांतला ऊस वेळेत आला होता हे आम्हाला तेव्हाच दिसले असते. ही चूक बाटलीची नव्हे, आमची. ती येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

उलगडा पाचव्या दिवशी झाला. चीफ केमिस्ट साहेबांनी मोजून घेतलेले शुद्ध एटीपी एका नळीत घातले. ती नळी भरपूर उजळायला हवी होती, पण तीही अंधुकच राहिली. जंतूंचा प्रश्नच मिटला, कारण या नळीत जंतू नव्हतेच. याचा अर्थ चाचणीच आंधळी झाली होती. त्याच दुपारी मिल थांबवून पन्हाळ्या खरवडल्या, तेव्हा बुळबुळीचे गोळे निघाले.

रसाचेही स्वतःचे गुण आहेत

चांगले प्रकाशद्रव्य असले तरी उसाच्या रसात चाचणी करताना आणखी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, रस आंबट असतो. त्याचा सामू ५ ते ५.५ च्या आसपास असतो, तर काजव्याचे विकर ७.८ च्या सुमारास खुशीत असते. आंबटपणा वाढला की उजेड कमी होतो आणि पिवळ्याचा तांबडा होऊ लागतो. म्हणून रस पातळ करून, सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातच घालावा लागतो. दुसरी, रसाचा काळपट रंग उजेड गिळतो. पातळ करण्याचे तेही एक कारण. तिसरी, रसात उसाच्या पेशींचेही एटीपी असते. फक्त जंतूंचे मोजायचे, तर आधी उसाचे एटीपी दुसऱ्या विकराने नष्ट करून, मग जंतू फोडून त्यांचे बाहेर काढावे लागते. चौथी, धुण्यासाठी वापरलेले क्लोरिन किंवा दुसरे औषध पन्हाळीवर राहिले असेल तर तेच विकर मारते. मग घाण जागाही स्वच्छ दिसते.

उष्णतेचेही तसेच. हे विकर साधारण २५ अंशांवर चांगले चालते. मिल हाऊसच्या उकाड्यात नळी ठेवून वाचन घेऊ नये. उलट फ्रीजमधून काढल्या काढल्याही घेऊ नये. पावडर मात्र शून्याखाली २० अंशांवर, अंधारात आणि कोरडी ठेवावी. वीज गेली तर डीप फ्रीजचे दार उघडू नये, हे लॅबच्या भिंतीवर आता लिहून लावले आहे.

या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जंतू कोणता, हे ती सांगत नाही. झोपी गेलेल्या जंतूंच्या बीजाणूंत एटीपी फारच थोडे असते, ते तिला जवळजवळ दिसत नाहीत. शिवाय यंत्रावरचा आकडा त्या यंत्रापुरताच असतो. एका कंपनीच्या यंत्रावरचे ५०० आणि दुसऱ्याच्या यंत्रावरचे ५०० यांची तुलना करता येत नाही. आकडा आपल्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहावा.

आता काय ठरले आहे

झाल्या प्रकारावरून प्रयोगशाळा आणि शेतकी विभाग यांनी मिळून पुढील गोष्टी अमलात आणल्या आहेत.

१. प्रकाशद्रव्य मागवताना नुसते नाव न लिहिता डी-ल्युसिफेरिन, सोडियम क्षार, असे रूपासह लिहायचे. भाव बाटलीचा न पाहता एका भरवशाच्या वाचनाला किती खर्च येतो तो पाहायचा.

२. दर पाळीला तीन नळ्या जास्तीच्या लावायच्या. एकीत नुसते शुद्ध पाणी, ती अंधारी राहिली पाहिजे. दुसरीत मोजून घातलेले एटीपी, ती ठरल्याप्रमाणे उजळली पाहिजे. तिसरीत रस आणि वर तेच एटीपी, म्हणजे रस उजेड किती दाबतो ते कळेल. या तीन नळ्या बरोबर आल्याशिवाय बाकीचे आकडे वहीत चढवायचे नाहीत.

३. बोळा एका जागेचा न घेता पहिली मिल, पन्हाळी, चाळणी आणि मिश्र रसाची टाकी अशा क्रमाने घ्यायचा. उजेड पहिल्याच ठिकाणी जास्त असेल तर उसाकडे पाहायचे. पुढे जाता जाता वाढत असेल तर मिलकडे पाहायचे.

४. शिळ्या उसाबाबत कोणत्याही सभासदास पत्र पाठवण्यापूर्वी तोडीची तारीख, काट्यावरची वेळ आणि वरील तीन नळ्यांची नोंद पत्रासोबत जोडायची. सभासदाने मागितल्यास ती गट कार्यालयात दाखवायची.

चौथी बाब आमच्या विभागाने स्वतःहून घालून घेतली आहे. अंधार दिसला की तो स्वच्छतेचा की विझलेल्या चुलीचा, हे आधी तपासायचे. पोटरीतला ऊस पिवळा पडला तर आपण लगेच लोहाची कमतरता म्हणत नाही. पाणी साचलं आहे का, मुळाला हुमणी लागली आहे का, तेही उकरून पाहतो. यंत्राच्या आकड्यालाही तोच न्याय लावायला हवा होता.

सभासदांना विनंती एवढीच की, शिळ्या उसाचे नुकसान या लेखामुळे खोटे ठरत नाही. तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गव्हाणीवर यावा, जळीत ऊस तर ताबडतोब कळवावा, ही आमची विनंती पूर्वीसारखीच आहे. ज्यांना ही चाचणी प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी हंगाम सुरू झाल्यावर आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे. नावांप्रमाणे सभासदांना प्रयोगशाळेत नेऊन तिन्ही नळ्यांचे आकडे त्यांच्यासमोर काढून दाखवण्यात येतील. ज्या दोन गटांना पत्रे गेली होती, त्यांना पहिला मान राहील.